पहिली मासळी पाण्याची

माझी बायको म्हणते, "रविवारी तुम्ही मासळी आणायला जाता आणि किस्से घेऊन येता. त्याचं कालवण कसं करू सांगा!"

तिचं चुकत नाही. मासळीला बर्फ लागतो, किश्श्यांना काहीच लागत नाही. दर रविवारी एखादा नवा पदरात पडतो आणि आधीच्या ढिगावर जाऊन बसतो. त्यातले काही आज काढतो. मासे विचारू नका.

आमचं टोळकं चौघांचं. मी सुधाकर, नांदेडच्या जुन्या बाजारात माझं चष्म्याचं दुकान. शेजारच्या दुकानात उस्मानचाचा, जेंट्स टेलर. वय सत्तरीच्या आसपास, डोक्यावर पांढरी टोपी आणि कॉलरला कायम एक दोरा ओवलेली सुई. तिसरा बालाजी, भोकरकडचा शेतकरी. जीप त्याची, आवाज त्याहून मोठा. चौथा शिरीष. हा लातूरला कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो आणि मोबाइलवर सॅटेलाइटचा नकाशा उघडून तलाव शोधतो. कुणालाही माहीत नसलेले पाझर तलाव, आडबाजूचे ओढे, डोंगरामागची तळी शोधायची आणि तिथं गळ टाकायचे, हा आमचा उद्योग.

आमचे नियम दोनच, आणि दोन्ही चाचांनी घातलेले. एक, दर वेळी नवं पाणी. दोन, नव्या पाण्यातली पहिली मासळी पाण्याला परत.

"नव्या घरात गेल्यागेल्या कुणी ताटावर बसतं का?" चाचा म्हणतात. "आधी सलाम करावा!"

म्हणून पहिली मासळी कुणाच्याही गळाला लागो, चाचा ती हातात घेतात, तिला म्हणतात, "जा, घरच्यांना सांग, पाव्हणे आलेत," आणि सोडून देतात. घरचे त्यानंतर सहसा बाहेर येत नाहीत!

आता ह्या सगळ्यामागचं खरं कारण. चाची गेल्यापासून चाचा एकटे राहतात. मुलगा इम्रान हैदराबादला कंप्युटर कंपनीत आहे, मोठा गुणी पोरगा. तो वडलांना तिकडं बोलावतो. चाचांनी त्याला कबूल केलंय, "माझ्या हातानं एक मरळ धरू दे, मग येतो. हा शौक बाकी हाय."

मरळ म्हणजे गोड्या पाण्यातली काळी, चपळ मासळी. इम्रानला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे. त्याला आपल्या बापाचा हात माहीत नव्हता.

दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. "अब्बा, मिली क्या?"

*

चाचांचा हात म्हणजे शिंप्याचा हात. दोरा ताणला गेला की झटका देऊन तोडायचा, ही जन्मभराची सवय. मासा गळाला नुसतं तोंड लावतो न लावतो तोच चाचा झटका देतात. मासा पाण्यात राहतो, गळ आभाळात जातो.

एकदा असाच वर गेलेला गळ परत येताना बालाजीच्या शर्टात अडकला आणि पाठीवर वीतभर फाडून गेला.

"चाचा, नवा हाय शर्ट!" बालाजी ओरडला.

"वरड नको, उभा राहा." चाचांनी कॉलरची सुई काढली. सुईत साधा दोरा थोडाच उरला होता, म्हणून त्यांनी गळाची नायलॉनची दोरी तोडून ओवली आणि बालाजीला उन्हात उभं करून अंगावरच शर्ट शिवला.

शर्ट पार विटला, कॉलर गेली, बटणं गेली. तो टाका तसाच आहे. बालाजी तो शर्ट अजून घालतो आणि सगळ्यांना पाठ दाखवतो. "धरली का न्हाई चाचानं मासळी? अडीच मणाची!"

*

बिलोलीकडचा तलाव शिरीषनं असाच शोधला होता. मोबाइलवर झकास निळा चौकोन! आजूबाजूला शेतं, नावगाव काही नाही.

"एवढा चौकोनी तलाव असतो का हो सर?" मी विचारलं.

"पाणी स्वच्छ आहे म्हणून कडा स्पष्ट दिसतात," शिरीष म्हणाला. फिजिक्सचा माणूस, आम्ही गप्प बसलो.

दीड तास धूळ खात पोचलो. समोर मंगल कार्यालय होतं. नवंकोरं, निळ्या पत्र्याचं!

आम्ही जीपमधून उतरतोय तोच नवरीचा मामा धावत आला. आमच्या हातातल्या रॉडच्या लांब पिशव्या त्यानं पाहिल्या आणि खवळला. "ही येळ हाय का? वरात आली दारात! बँडवाल्यांनी आधी यायचं का पाव्हण्यांनी?"

बालाजी म्हणाला, "आम्ही बँडवाले न्हाईत. मासे धरायला आलोय."

मामानं वर आभाळाकडं पाहिलं, मग मंडपाकडं पाहिलं. "इथं?"

तेवढ्यात दारात गलका झाला. नवरदेवानं घोड्यावरून उतरताना हात ताणला आणि शेरवानी काखेपासून कमरेपर्यंत उसवली. करवल्या पदरानं झाकायला धावल्या, नवरदेव रडवेला झाला. चाचांनी कॉलरला हात घातला.

अक्षता पडेपर्यंत शिवण अशी बसली होती की नवरदेवाची आईसुद्धा कुठं उसवलं होतं ते शोधत होती. मग काय, आम्हाला पंगतीत वरच्या अंगाला बसवलं. मामा स्वतः वाढायला! "बँडवाले, अजून दोन जिलेब्या घ्या!"

हात धुताना फोन आला. "अब्बा, मिली क्या?"

"मरळ नई मिली बेटा, जिलेबी मिली," चाचा म्हणाले आणि ढेकर दिला.

*

उन्हाळ्यात भोकरच्या पुढं एका तलावावर गेलो. हा खरा तलाव होता, पण नकाशातला फोटो पावसाळ्यातला निघाला. भराव होता, सांडवा होता, मधे पाणी नव्हतं. पाण्याच्या जागी टेनिस बॉलच्या मॅचेस रंगल्या होत्या. मांडव, माईक, सगळा थाट.

आम्ही रॉड घेऊन भरावावर उभे. माईकवरचा पोरगा आम्हाला बघून पेटलाच. "मंडळी, बाहेरून पाव्हणे आलेत, मासे धरायला! जोरदार टाळ्या!"

सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. शिरीष मोबाइलमध्ये तोंड घालून बसला.

पुढच्याच ओव्हरला एकानं सिक्स मारला. बॉल पडला तलावातल्या शेवटच्या डबक्यात. मांडीएवढा चिखल, आत कोण जाणार? दुसरा बॉल त्यांच्याकडं नव्हता. मग कॅप्टन आमच्याकडं आला. "चाचा, तुमचा गळ टाका की."

चाचांनी गळ टाकला. बॉल काही झटका देऊन पळणाऱ्यातला नव्हता, त्यामुळं लागला. ओढत काठाला आणला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. चाचांनी बॉल हातात घेतला, पुसला, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "जा, घरच्यांना सांग, पाव्हणे आलेत." आणि परत डबक्यात फेकला!

कॅप्टन बॅट घेऊन धावला. बालाजी मधे पडला म्हणून बरं.

"अरे, नव्या पाण्याची पहिली हाय ती," चाचा शांतपणे म्हणाले. "पहिली पाण्याची. दुसरी तुमची. थांबा जरा."

आणि खरंच, त्यांनी पुन्हा गळ टाकून तोच बॉल पुन्हा काढला आणि कॅप्टनच्या हातात ठेवला. तोच बॉल, तेच डबकं, पण पहिली वेगळी आणि दुसरी वेगळी! असा नियमाचा पक्का माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

देगलूरच्या पुढं, तेलंगणाची हद्द जवळ आली की लोक ओढ्याला 'वागु' म्हणायला लागतात. तिथं एका आजीला रस्ता विचारला. आजी म्हशी राखत होती.

"आजी, इथं मासळीचा ओढा कुठं आहे?"

"वागु व्हय? दावते की." आजी दगडावर बसली ती बसलीच. "आधी सांगा, कुठले, कुणाचे?"

आम्ही चौघांनी आपापली कुळकथा सांगितली. आजीची नजर शिरीषवर थांबली. "लगीन झालंय का ह्याचं?"

"न्हाई," बालाजी घाईघाईनं म्हणाला.

"काय करतो?"

"फिजिक्स शिकवतो," शिरीष म्हणाला.

"ते असू दे. मासे घरी नेल्यावर साफ कोण करतं?"

"मीच करतो. आईला वास सहन होत नाही."

आजी उठली. म्हशी तिथंच सोडल्या आणि आम्हाला ओढा सोडून थेट घरी घेऊन गेली. नात सरकारी दवाखान्यात नर्स होती, रविवारची सुट्टी म्हणून घरी आलेली. चहा झाला. नर्सबाईंनी शिरीषला एवढंच विचारलं, "रोज मोबाइलमध्ये तलावच बघता का?"

पुढच्या पावसाळ्याआधी लग्न झालं. लग्नातला सूट चाचांनी शिवला.

आता तो ओढा शिरीषच्या सासरवाडीच्या परसात आहे. पाणी बारमाही, मासळी भरपूर, आणि जावयाला तिथं गळ टाकायला बंदी! त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिथं गळ टाकले होते ना? झालं, पाणी जुनं झालं. शिरीषनं लई विनवण्या केल्या. चाचा म्हणाले, "बायको भेटली त्या पाण्यातून. अजून काय पायजे तुला?"

*

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे बालाजीच्या घरी गेलो होतो. तलाव बघायला नाही, त्याच्या हरभऱ्याचे डहाळे खायला. दुपारी वहिनींनी जेवायला वाढलं. गरम भाकरी आणि कालवण. पहिला घास घेतला आणि मी थांबलो. मऊ, पांढरंशुभ्र, काटा जवळपास नाहीच.

"वहिनी, मरळ?"

"हाव. आवडली व्हय?" वहिनी खुशीत म्हणाल्या. "आमच्या मागच्या तळ्यातली हाय. लई हायेत तिथं. ह्यांना म्हणलं कितीदा, चाचांना एकदा तळ्यावर घेऊन जा!"

बालाजी भाकरीत तोंड लपवायला जागा शोधत होता.

म्हणजे आम्ही बिलोली, देगलूर, पार कुठं कुठं धूळ खात हिंडत होतो आणि मरळ बालाजीच्या घरामागं! शिरीष हात न धुता उठला. "चाचा, चला! रॉड जीपमध्येच आहेत."

चाचा निवांत भाकरी मोडत होते. "ज्या पाण्याचं कालवण खाल्लं, ते पाणी जुनं झालं."

"असा नियम कुठाय?"

"आता केला." आणि जेवून ते बाजेवर जे आडवे झाले, ते चहालाच उठले.

मी बालाजीला गोठ्यामागं गाठलं. "असं का केलंस रे?"

एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण आवाज गोठ्यापुढं गेला नाही. पायानं माती उकरत राहिला. "सुधाकरभाऊ, मरळ भेटली की चाचा जाणार. बाजारात आलो की मी आधी कुठं टेकतो? चाचाच्या दुकानात. माझा बाप गेला तवा तीन दिवस चाचा माझ्या घरी येऊन राहिले. मी म्हणलं, जाऊ दे, जितकी लांबल तितकी लांबू दे."

खरं सांगायचं तर रविवारी दुपारी फोन वाजला की मीही कान लावून असतो, आणि चाचा 'नई मिली' म्हणाले की बरं वाटतं. शेजारच्या दुकानातून मशीनचा आवाज येणार नाही, ही कल्पनाच मला करवत नाही.

*

आणि मग ह्या वर्षी इम्राननं मोठं घर घेतलं. त्यात अब्बांसाठी एक खोली, खिडकी पूर्वेला, नमाजाला जागा. फोटो पाठवले. चाचांनी ते आम्हाला दाखवले, पुन्हापुन्हा दाखवले. खोली छान होती. आम्ही छान म्हणालो.

चाचा आपल्या दुकानात परतल्यावर बालाजी माझ्याकडं बसला. चष्म्याच्या काचा उगाच उचलून बघत होता. मग म्हणाला, "लेकानं बापासाठी खोली ठेवली. आपण आडवं येत राहिलो, हे बरं न्हाई. चाकूरकडं माझा मेव्हणा हाय. त्याच्या गावच्या डोंगरामागं एक तलाव हाय, बाभळीत लपलेला. मोबाइलमधी बी दिसत न्हाई. मरळ हाय म्हणतो. येत्या रविवारी जाऊ. चाचाला धरू द्यायची."

रविवारी सकाळी गेलो. काय पाणी होतं! चारी बाजूनं बाभळी, कडेला पाणकणीस, वर बगळे. येताना जीपमध्ये बालाजीनं रेडिओसुद्धा लावला नव्हता.

पहिला गळ बालाजीनं टाकला. लगेच बोटाएवढी तिलापिया लागली. चाचांनी ती हातात घेतली. "जा, घरच्यांना सांग, पाव्हणे आलेत." सोडली. मग बालाजीनं चाचांच्या गळाला बेडूक लावून दिला, सावलीची जागा बघून दिली, बसायला स्वतःचं उपरणं टाकलं.

दुपार झाली. आम्ही डबे सोडायच्या बेतात होतो, आणि चाचांची दोरी हळूच बाजूला सरकली.

"चाचा," बालाजी कुजबुजला, "झटका देऊ नका."

चाचांनी झटका दिला नाही. जन्मात पहिल्यांदा! दोरी ताणली, सैल झाली, पुन्हा ताणली. चाचांचा हात तसाच. पाण्यात काळी पाठ फिरली. मग त्यांनी हळूच, कापड ओढून घ्यावं तशी दोरी ओढून घेतली आणि गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी ती वर उचलली.

मरळ! कोपरापासून बोटांपर्यंत, काळीकुळकुळीत, ओली, जिवंत.

चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. मी मोबाइल काढला. "चाचा, इकडं बघा, फोटो!"

"थांबा," चाचा म्हणाले.

त्यांनी मरळीकडं पाहिलं. मग आमच्या तिघांकडं एकेक करून पाहिलं.

"नव्या पाण्याची पहिली मासळी हाय," ते म्हणाले.

बाभळीवरचा बगळा उडाला. शिरीषनं तोंड उघडलं. "पण चाचा, सकाळची ती तिलापिया..."

बालाजीनं त्याच्या पायावर पाय दिला, चांगला टाच रोवून. मग चाचांकडं वळला.

"हाव चाचा. पहिलीच हाय."

"पहिलीच," मी म्हणालो.

शिरीष पाय धरून म्हणाला, "पहिलीच."

चाचा वाकले. मरळ पाण्यात धरली, क्षणभर तशीच धरून ठेवली. "जा, घरच्यांना सांग, पाव्हणे आलेत." तिनं शेपटी मारली आणि गेली.

तेवढ्यात फोन वाजला. चाचांचे हात ओले, म्हणून त्यांच्या खिशातून मीच काढला, स्पीकर लावून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"अब्बा, मिली क्या?"

"नई बेटा." चाचांनी टोपी सरळ केली. "तू ईद को आ. बहू को, बच्चों को लेके आ. मिलके ढूंढेंगे."

इम्रान पलीकडं हसायला लागला. "अब्बा, और कितने तालाब बाकी हैं?"

चाचांनी शिरीषकडं पाहिलं. शिरीषनं एका पायावर उभं राहून मोबाइलवर नकाशा उघडला आणि दोन बोटांनी लहान लहान करत नेला. बिलोली आली, भोकर आलं, चाकूर आलं, सगळा मराठवाडा आला, आणि त्यावर जागोजागी निळे ठिपके.

चाचा फोनमध्ये ओरडले, "भौत हैं बेटा! मराठवाडे में पानी नई बोलते ना लोगां, सब झूट बोलते!"